अंबाडीची चौकशी

सुट्टीहून परतताना विमान सिंगापूरला उतरण्याआधी एक पांढरं कार्ड वाटलं जायचं. त्यावर नाव, पासपोर्टचा नंबर, राहण्याचा पत्ता लिहायचा. कार्डावर लाल अक्षरांत छापलेलं असायचं की अमली पदार्थांचा व्यापार करणाऱ्याला या देशात मृत्युदंड आहे. इतर बाप मुलांना खिडकीतून खाली समुद्रात उभी असलेली जहाजं दाखवायचे. माझे बाबा ती लाल ओळ मला आणि आईला वाचून दाखवायचे. दर खेपेला. जणू मधल्या महिन्याभरात आमचा विचार बदलला असेल. आमच्या बॅगांमध्ये थालीपिठाची भाजणी, गोडा मसाला आणि मेतकूट एवढाच ऐवज असायचा. "भाजणी म्हणजे शेवटी पावडरच," बाबा हळू आवाजात म्हणायचे, "बघणाऱ्याला काय वाटेल सांगता येत नाही." आई डोळे न उघडता उत्तर द्यायची, "असा चेहरा घेऊन उतरलात तर बॅग न उघडताही धरतील."

बाबा मूळचे रत्नागिरीकडचे. बोटीवर इंजिनिअर होते, पुढे सिंगापुरात जहाजांची देखभाल बघणाऱ्या एका कंपनीच्या ऑफिसात लागले. निम्मं जग बघितलेला माणूस, पण प्रत्येक बंदरावर कस्टमवाल्यांना आणि त्यांच्या कुत्र्यांना तोंड देऊन त्यांचा एकंदर सरकार या गोष्टीवरचा विश्वास वाढण्याऐवजी धास्तीच वाढली होती. सिंगापुरात तर या धास्तीला भरपूर खाद्य होतं. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचलं तर डासांच्या अळ्या तपासायला येणारे दंड करतात, म्हणून ऑफिसला जायच्या आधी बाबा टाय घालून ताटल्या उपड्या करायचे. आम्ही तिथे होतो ते त्यांच्या एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरीच्या परवान्यावर. तो गेला की आई आणि मी, म्हणजे त्यांचे डिपेंडंट, आपोआप गेलो. त्या वर्षी आमचा पी.आर.चा, म्हणजे कायम राहण्याच्या परवानगीचा, अर्ज सरकारात आत होता. तो मंजूर झाला असता तर पासची टांगती तलवार संपली असती, आणि मी, जी तेव्हा शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांच्या उंबरठ्यावर होते, ती मधूनच उचलून पुण्याच्या कुठल्यातरी अकरावीत टाकली गेले नसते. घरात आवाज चढला की बाबा म्हणायचे, "अर्ज आत आहे." मिक्सर फार वेळ चालला तरी अर्ज आत असायचा.

आई नांदेडची. सी.ए. झालेली, लग्नाआधी तिथल्या एका ऑडिट फर्ममध्ये भल्याभल्या कारखानदारांना घाम फोडलेला. सिंगापुरात तिच्या पासवर 'डिपेंडंट' असा शिक्का होता आणि दुपारभर करण्यासारखं काही नव्हतं. आमचा फ्लॅट बुकित तिमाहच्या एका जुन्या कॉन्डोत, म्हणजे खासगी सोसायटीत, तळमजल्यावर होता. जुना, कारण लिफ्ट कुरकुरायची आणि जमिनीला जुन्या पद्धतीच्या लाल फरशा होत्या. मागे कुंपणापर्यंत वीतभर अंगण होतं. तिथे आईने कुंड्या मांडल्या. पहाटे कोकिळ ओरडायला लागायचा. भारतात कोकिळ वसंतात गातो म्हणतात, इथे त्याला ऋतूच नसल्याने तो बारा महिने बोंबलायचा. त्यानंतर सफाईवाल्यांचं पालापाचोळा उडवायचं यंत्र, मग पोहण्याच्या तलावातल्या मुलांचा आरडाओरडा. या सगळ्या गदारोळात आई मोठी टोपी घालून, वाकून, कुंडीतल्या मातीत बोट खुपसून ओल बघत असायची. कोथिंबीर, मेथी, पालक, तिने सगळं लावून बघितलं. सगळं तिथल्या उष्म्यात जळालं, नाहीतर पावसाने सडलं. टिकली ती अंबाडी.

मामाने पाठवलेल्या बियांची होती ती. ज्यांनी अंबाडी फक्त भाजीवाल्याच्या जुडीत बघितली आहे त्यांच्यासाठी सांगते: ही काही भुईला चिकटून वाढणारी बापुडवाणी पालेभाजी नव्हे. ऊन आणि पाणी मिळालं की ती सरळ आभाळाकडे निघते. सिंगापुरात दोन्ही फुकट. बघता बघता झाडं बाबांच्या डोक्याच्या वर गेली. खालची पानं साधी, पण वरची एका देठातून फुटलेली, हाताच्या पंजासारखी, लांब, करवती कडांची. आई आठवड्याला एकदा पानं खुडायची. तांदळाच्या कण्या आणि तुरीची डाळ घालून शिजवलेली आंबट घट्ट भाजी, मध्ये खड्डा, खड्ड्यात लसणाची चरचरीत फोडणी, बरोबर ज्वारीची भाकरी. पीठ लिटिल इंडियातून यायचं, आणि ते ताजं नसलं की भाकरी थापताना चिरायची आणि आई दुकानदाराचा उद्धार करायची. बाबा सुरुवातीला अंबाडीला "तुमच्या मराठवाड्याचा पाला" म्हणायचे आणि तीन भाकऱ्या खायचे. कुंपणापलीकडच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या लिम आंटी, शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका, त्यांनाही डबा जायचा. त्या कधी कधी कुंपणावरून फोन पुढे करून झाडांचे फोटो काढायच्या. "सो टॉल आह!" म्हणायच्या; वाक्याच्या शेवटी 'आह' नाहीतर 'ला' लावायची तिथली पद्धत. बाबांना ते फोटो आवडत नसत. "त्या बाईला फोटो कशाला लागतात?" आईचं म्हणणं, ज्याला बागेत उद्योग नसतो तो दुसऱ्याच्या बागेचे फोटो काढतो.

मग एका शनिवारी पाठक काका जेवायला आले. मराठी मंडळातले बाबांचे मित्र, पाया लेबारला एका आय.टी. कंपनीत मॅनेजर, जगातल्या सगळ्या विषयांवर मत असलेले. हात धुवायला ते मागच्या अंगणातल्या नळावर गेले आणि ओले हात तसेच धरून परत आले.

"वहिनी, हे मागे काय लावलंय?"

"अंबाडी. आत्ता पानात वाढते की."

पाठक काका बाबांकडे वळले. "साळवी, तू पाहिलंयस का ते?"

"रोज बघतो. त्याचं काय?"

"अरे, गोव्याला टी-शर्टवर छापलेलं असतं ते पान. टोपीवर असतं. हुबेहूब." पाठक काका खाली बसले आणि आवाज उतरवून म्हणाले, "गांजाचं."

बाबांनी उठून आधी खिडकी लावली. "शब्द उच्चारू नकोस."

"अहो, काय बोलू लागलात तुम्ही दोघं?" आई भाकरी तव्यावर टाकत म्हणाली. "अंबाडी आहे ती. माझ्या आजीपासून खातोय आम्ही."

"तुम्हाला माहितीय, मला माहितीय," पाठक काका म्हणाले, "पण वरच्या मजल्यांवरून बघणाऱ्याला? आमच्या नाशिकला शिवरात्रीला भांग…"

"पाठक!" बाबा ओरडले. नंतर मला बघून म्हणाले, "तू आत जा." मी गेले नाही. सोळाव्या वर्षी घरात पहिल्यांदाच काहीतरी घडत होतं.

इथे कुठलाही शहाणा माणूस काय करेल? झाडं तशीच ठेवेल. फार तर कॉन्डोच्या ऑफिसात जाऊन सांगेल की ही भाजी आहे, या, बघा, हवी असेल तर घेऊन जा. झाड जमिनीत उभं असेपर्यंत ते स्वतःची साक्ष स्वतः देतं. त्याला फूल येतं, ते भेंडीच्या फुलासारखं पिवळं असतं, आणि विषय तिथेच संपतो. पण बाबांनी आणि पाठक काकांनी अर्ध्या तासात ठरवलं की सगळी झाडं आजच्या आज नाहीशी करायची. दोघंही इंजिनिअर. आईने एकच अट घातली. तयार झालेली भाजी ती कचऱ्यात टाकणार नव्हती. तिच्या माहेरी असलं पाप कोणी केलं नव्हतं आणि अर्ज आत असला तरी ती करणार नव्हती. "आधी पानं खुडते, मग काय उपटायचं ते उपटा."

ती दुपार मला अजून नाकात आठवते. आम्ही चौघं लाल फरशीवर बसून पानं खुडत होतो आणि सगळ्या घराला हिरवा, आंबट वास लागला होता. अंबाडीच्या देठांना बारीक काटे असतात, पाठक काका दर मिनिटाला "आई गं" म्हणत होते. रात्रीपर्यंत सर्वांत मोठ्या पातेल्यात भाजी झाली. पाठक काकांना डबा, लिम आंटींना डबा, आम्ही पोटभर, उरलेली फ्रिजमध्ये. बाबांनी देठांचे हातभर तुकडे करून काळ्या पिशव्यांत भरले. आणि मग त्यांच्यातला बोटीवरचा सावध माणूस जागा झाला. सगळ्या पिशव्या आपल्याच ब्लॉकच्या कचऱ्यात कशा टाकायच्या? रविवारी सकाळी, लोक पोहायला उतरायच्या आधी, ते प्रत्येक ब्लॉकच्या कचराकुंडीत एकेक पिशवी टाकत फिरले. हातांत कामाचे हातमोजे होते, देठ टोचतात म्हणून.

गेटवरच्या गार्डला पगार याच गोष्टी बघण्यासाठी मिळत होता, आणि त्याने त्या बघितल्या. एका पिशवीच्या तोंडातून शेंड्याची दोन-चार पानं बाहेर डोकावत होती. त्याने पिशवी उघडली, पानं बघितली, बहुधा त्यानेही टी-शर्ट बघितलेले होते. मला त्याचा कधीच राग आला नाही. हातमोजे घालून झाडाचे तुकडे चार ठिकाणी वाटत फिरणारा माणूस मला दिसला तर मीही फोन करेन.

दुपारी जेवणं झाल्यावर बेल वाजली. अमली पदार्थविरोधी खात्याचे, साध्या कपड्यांतले दोन अधिकारी, एक पोक्त चिनी गृहस्थ आणि एक तरुण मलाय बाई, डोक्याला स्कार्फ, अतिशय नम्र. त्यांनी ओळखपत्रं दाखवली, बूट काढायचे का विचारलं, आणि काढले. मागे गार्ड अवघडून उभा होता. ते अंगणात गेले. तिथे काय होतं? रिकाम्या कुंड्या, उकरलेली माती, धुतलेली फरशी. एकही झाड नाही. निर्दोष माणसाचं अंगण इतकं स्वच्छ नसतं.

"ही झाडं कोणाची होती?" परत आत येऊन पोक्त अधिकाऱ्याने विचारलं.

"माय वाइफ्स," बाबा म्हणाले. प्रश्न संपायच्या आत. आणि कमी पडलं असं वाटून पुढे म्हणाले, "मी कामावर असतो. मला त्यातलं काही माहीत नाही."

आईने बाबांकडे बघितलं, रागाने नाही, ऑडिटमध्ये एखादा आकडा जुळत नसला की बघावं तसं. फ्लॅट बाबांच्या नावावर, बँक, गाडी, पास, शाळेतला माझा पालक म्हणून रकाना, सगळं बाबांच्या नावावर. सिंगापुरात आल्यापासून आईच्या नावावर लागलेली ही पहिली मालमत्ता.

"हो, माझी," आई इंग्रजीत म्हणाली. "बी माझं, माती माझी, कुंड्या मी आणल्या. हे फक्त खातात."

"खातात?" तरुण बाईंनी वर बघितलं.

"तीन भाकऱ्यांबरोबर."

मला वाटलं आपण मदत करावी. फोनवर अंबाडीचं इंग्रजी नाव शोधून ते मोठ्याने वाचून दाखवलं, तर ते निघालं डेक्कन हेम्प, आणि हेम्प म्हणजे गांजाचंच झाड. पोक्त अधिकाऱ्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. मी घाईने शास्त्रीय नाव शोधलं, शास्त्र तरी खोटं बोलणार नाही म्हणून, आणि ते हिबिस्कस कॅनाबिनस होतं. बाबा सोफ्यावर बसले. आई मराठीत म्हणाली, "सायली, बाळा, तू आता गप्प बस."

इतक्यात कुंपणापलीकडून आवाज आला. लिम आंटी, घरच्या चपला, हातात आमचाच डबा. "ऑफिसर! तुम्ही त्या भाजीसाठी आलात? मी पण खाते ला! किती महिने खाते. आंबट, व्हेरी नाइस, लसूण जरा जास्त. फोटो आहेत माझ्याकडे, फुलाचे पण. पकडायचं तर मला पण पकडा, माझा मुलगा तरी भेटायला येईल." आणि फोन कुंपणावरून पुढे केला. त्यात आमची अंबाडी होती, लहान, मोठी, पिवळ्या फुलांची. ज्या फोटोंची बाबांना धास्ती होती तेवढाच काय तो आमच्या बाजूचा पुरावा उरला होता. बाकी सगळा आम्ही खाल्ला होता.

फोटोंनी चेहरे सैल झाले, पण काम ते काम. अधिकाऱ्यांनी देठांची पिशवी घेतली, बियांची बाटली घेतली, आणि आईने फ्रिजमधून उरलेली भाजी काढून दिली. स्टीलचा डबा मात्र दिला नाही. प्लास्टिकच्या डब्यात भाजी काढताना तिने विचारलं, "फोडणी वेगळी ठेवली आहे. तीही लागेल का?" तरुण बाईंना हसू आवरणं कठीण गेलं. जाताना त्यांनी सांगितलं, तपासणी होईपर्यंत घरातल्या कोणी देशाबाहेर जाऊ नये, आणि संपर्कासाठी फोन नंबर घेतला. झाडं ज्यांची त्यांचा.

पुढचे दिवस घरात कोणी भांडलं नाही, यावरून ते किती वाईट होते ते समजावं. बाबांना एका जहाजाच्या तपासणीसाठी बाहेरगावी जायचं होतं. त्यांनी पाठदुखी कळवली. मी शाळेत जाताना हिशोब करायचे की पास गेला तर आवरायला किती दिवस देतात. आई फ्रोजन मटार शिजवायची. तिसऱ्या की चौथ्या जेवणाला बाबा ताटाकडे बघत म्हणाले, "मी खरं तेच सांगितलं."

"खरंच सांगितलंत," आई म्हणाली. "वाढू का अजून?"

"झाडं तुझीच होती."

"माझीच. शेजारणीने फक्त डबा खाल्ला होता, तरी ती मध्ये पडली. तुम्ही 'आमची' म्हणाला असतात तर काय खोटं झालं असतं?"

बाबा ताटातले मटार चिवडत राहिले. त्यांच्याजवळ उत्तर होतं, हे मला आज कळतं. त्यांच्या डोक्यात असणार की पास त्यांचा, तो वाचला तर तिघं वाचतील, बायकोचं पुढे बघता येईल. बोटीवर पाणी शिरलं की आधी इंजिन रूम वाचवतात. तर्क बरोबर होता. फक्त तो सांगून कुठल्याही बाईची समजूत पटली असती असं मला वाटत नाही, आणि बाबांनाही वाटलं नसावं.

फोन आला तो आईला. तपासणीत काही निघालं नव्हतं. सामान परत न्यायला मालकाने यावं. बाबा कपडे बदलून तयार झाले, तर आईने सांगितलं, "तुम्ही कशाला? तुम्हाला त्यातलं काही माहीत नाही." ती मला घेऊन बसने गेली. तरुण बाईंनी बियांची बाटली परत दिली, भाजी परत देता येत नाही म्हणून दिलगिरी व्यक्त केली, आणि बाहेरून बी आणायचं तर परवानगी काढावी लागते हेही बजावलं. आईने आभार मानले आणि त्यांच्याच समोर बाटली कचऱ्याच्या डब्यात टाकली. मग म्हणाली, "पाया लेबारला जाऊन येऊ." तिथे पाठक काकांच्या ऑफिसच्या इमारतीत एक ऑडिट फर्म आहे हे तिने जेवताना कधीतरी ऐकून ठेवलं होतं. मी खाली कॉफी पीत बसले. ती तासाभराने आली तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता आणि चेहऱ्यावर समाधान.

आज माझ्या मुलीला ही गोष्ट सांगितली की तिचा पहिला प्रश्न असतो, मग पी.आर. मिळालं का? नाही मिळालं. तिथे कारण देत नाहीत. बाबा शेवटपर्यंत अंबाडीला दोष देत राहिले. आईचं मत होतं की अर्ज करणाऱ्या निम्म्या लोकांच्या अंगणात अंबाडी नसते आणि तरी त्यांचे अर्ज परत येतात. तोवर तिला नोकरी लागली होती आणि तिचा स्वतःचा एम्प्लॉयमेंट पास आला होता. पुढे जहाजांच्या धंद्याला उतरती कळा लागली आणि बाबांच्या कंपनीने माणसं कमी केली, त्यात बाबा होते. ज्या दिवसाला आम्ही घाबरून होतो तो आला, आणि आम्ही कुठेच गेलो नाही. मी त्याच शाळेत परीक्षा दिली. बाबांच्या नव्या पासवर 'डिपेंडंट' लिहिलेलं होतं आणि ते कोणाचे डिपेंडंट तेही लिहिलेलं होतं. घरी आल्यावर त्यांनी तो बराच वेळ उलटसुलट करून पाहिला.

दुपारभर करण्यासारखं आता त्यांना काही नव्हतं. एका संध्याकाळी आई ऑफिसातून येऊन टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती. बाबा अंगणाच्या दारात उभे होते.

"कुंड्या रिकाम्याच आहेत," ते म्हणाले. "परवानगी काढून बी मागवलं तर… अंबाडी लावू का?"

आईने मान वर केली नाही. "विचार करून सांगते," ती म्हणाली. "चौकशी आली तर पास माझा जाईल."

बाबांनी थोडे दिवस वाट पाहिली आणि दोन्ही मोठ्या कुंड्यांत कोथिंबीर पेरली. रोज सकाळी पाणी घालायचे, मातीत बोट खुपसून बघायचे. त्या उन्हात कोथिंबीर तग धरत नाही हे आईला माहीत होतं. तिने सांगितलं नाही.